खरखर कुणी काढली?

‘कलिंबा हे मन शांत करणारं वाद्य आहे’ हे वाक्य तुम्ही निदान दहा वेळा तरी वाचलं असेल. विकणाऱ्या ॲपवर, रीलच्या कॅप्शनमध्ये, झोप येण्यासाठी लावायच्या दोन-दोन तासांच्या व्हिडिओंवर. माझं म्हणणं असं की हे वाक्य खोटं आहे, आणि ते निरुपद्रवी खोटं नाही. ज्या वाद्यापासून कलिंबा तयार झाला, ते कुणाला शांत करण्यासाठी जन्मलंच नव्हतं. ते मेलेल्या पूर्वजांना जागं करण्यासाठी होतं. रात्र-रात्र माणसांना झोपू न देण्यासाठी होतं. एका गोऱ्या राजवटीला त्याच्या सुरांवर रचलेल्या गाण्यांची धास्ती वाटत होती. बाजारात आणताना त्याच्यातून जे काढून टाकलं, तेच आज आमच्या सिंधुदुर्गात आमच्या वस्तूंमधून काढून टाकलं जातंय. म्हणून एवढ्याशा खेळण्यावर एवढा मोठा लेख.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी मालवण तालुक्यातला. गावच्या भजनात पेटी वाजवतो. माझ्याकडे कलिंबा आहे आणि मला तो आवडतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: हातात मावेल एवढी लाकडी पेटी किंवा फळी, तिच्यावर सतरा लोखंडी पट्ट्या. मधली पट्टी सगळ्यात लांब, दोन्ही बाजूंना आखूड होत गेलेल्या. दोन अंगठ्यांनी पट्ट्यांची टोकं दाबून सोडायची. प्रत्येक पट्टीवर आकडा कोरलेला असतो, म्हणजे गाणं वाजवायला स्वर कळायची गरजच नाही. आकडे वाचत गेलं की ‘लग जा गले’ तयार. दीड-दोन हजारांच्या आत मिळतो, पिशवीत मावतो, शेजारी तक्रार करत नाहीत. तारकर्लीच्या वाळूत बसून, मागे समुद्र ठेवून कलिंबा वाजवणारे पर्यटक आता आम्हाला नवे राहिले नाहीत. आमच्याकडची पोरंही वाजवतात. वाजवू देत.

आमच्या भजनी मंडळाच्या बुवांना मी एकदा तो ऐकवला. सत्तरी गाठलेला माणूस, कान मात्र तिशीतला. त्यांनी पूर्ण गाणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गोड आसा रे झिला. पण ह्येका जवारी खंय आसा?”

या एका प्रश्नात सगळा विषय आहे.

जवारी म्हणजे काय?

तानपुऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते, ती घोडी सपाट दिसली तरी तिला अगदी बारीक उतार असतो. तार छेडली की ती घोडीला घासत, थरथरत राहते, आणि एका सुरातून अनेक सुरांचा गुंजारव बाहेर पडतो. ही जवारी. मिरजेचे कारागीर ती घासून-घासून काढतात. त्यावरही समाधान होत नाही म्हणून तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतात, आणि नेमका हवा तिथे तो गुंजारव आला की थांबतात. म्हणजे स्वच्छ आवाज आपण मुद्दाम खरखरीत करतो, कारण आपल्या कानाला तोच भरलेला वाटतो.

आता कलिंबा. नव्या कलिंब्याची एखादी पट्टी कधीकधी करकरते. इंटरनेटवर विचारा काय करायचं. उत्तर मिळतं, पट्टीखाली कागदाचा कपटा सारा, खरखर जाते. आम्ही खरखर यावी म्हणून धागा सारतो, ते जावी म्हणून कागद सारतात.

पण हे ‘ते’ कोण? झिंबाब्वेतले शोना लोक नक्कीच नव्हेत. त्यांचा म्बिरा, म्हणजे कलिंब्याच्या थोरल्या नातलगांपैकी एक, मुद्दाम खरखरणारा असतो. त्याच्या फळीवर पूर्वी शिंपले किंवा गोगलगाईच्या शंखांचे तुकडे बांधत, आता बाटल्यांची बुचं बांधतात. हे वाद्य मोठ्या भोपळ्यात बसवून वाजवतात आणि त्या भोपळ्याच्या कडेलाही तशीच बुचं असतात. प्रत्येक सुराबरोबर ती थरथरतात. सूर आणि त्याच्याभोवतीचं वाळूसारखं सळसळणं, दोन्ही मिळून एक आवाज. मी बुवांना मग म्बिराचं रेकॉर्डिंग ऐकवलं. ते एवढंच म्हणाले, “आता कसा!” झिंबाब्वे नकाशात कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. जवारी मात्र ओळखीची होती.

मग आपण, जवारीच्या देशातली माणसं, हे वाद्य त्याची जवारी काढून का विकत घेतो? आणि वर त्या कोरडेपणाला ‘शांतता’ का म्हणतो?

ते कशासाठी वाजत होतं

शोना भाषेत या मोठ्या वाद्याचं नाव ‘म्बिरा झवाद्झिमु’. अर्थ, पूर्वजांच्या आत्म्यांचा म्बिरा. २२ ते २८ पट्ट्या, वाजवायला दोन अंगठे आणि उजव्या हाताची तर्जनी. तो ज्या विधीत वाजतो त्याला ‘बिरा’ म्हणतात. घरातलं कुणी आजारी आहे, पाऊस पडत नाही, भावकीत तंटा आहे, अशा वेळी कुळातली माणसं रात्री जमतात. म्बिरा वाजू लागतो, सोबत होशो नावाचे खुळखुळे, टाळ्या, गाणं, नाच. पहाटेपर्यंत. आणि कुठल्यातरी क्षणी पूर्वज एका माणसाच्या अंगात येतो आणि बोलू लागतो. लोक त्याला प्रश्न विचारतात, तो उत्तरं देतो, कधी रागावतो.

सिंधुदुर्गातल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागेल का? दसऱ्याला देवाचे तरंग निघतात, ढोल-ताशे वाजतात, आणि अवसर येतो. मग गाऱ्हाणं घातलं जातं, प्रत्येक मागणीवर जमलेले सगळे “व्हय म्हाराजा” म्हणतात. कौल लावला जातो. या सगळ्यावर तुमचा विश्वास असो नसो, त्या क्षणी ढोल थांबला तर काय होईल हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तो ढोल कुणी ‘मन शांत करणारं वाद्य’ म्हणून विकायला काढला तर आम्ही हसू. म्बिराच्या बाबतीत नेमकं तेच झालंय, फक्त हसणारी माणसं दूर आहेत आणि त्यांचं हसणं आपल्या फीडमध्ये येत नाही.

आणखी एक गोष्ट बाजारात येताना गळाली. म्बिराची रचना एकट्याची नसते. एक वादक ‘कुशौरा’ म्हणजे पुढाकाराचा भाग वाजवतो, दुसरा ‘कुत्सिन्हिरा’, त्याच्या सुरांच्या फटीत आपले सूर बसवतो. दोन्ही विणले गेले की ऐकणाऱ्याला अशा चाली ऐकू येतात ज्या दोघांपैकी कुणीच वाजवत नसतो. आमच्या डबलबारीत दोन बुवा एकमेकांवर मात करायला बसतात. इथे दोघं एकमेकांची फट भरायला बसतात. त्याला सुरुवात-शेवट ठरलेला नसतो, ते फिरत राहतं. कलिंबा मात्र हेडफोन लावून, खोलीचं दार लावून, एकट्याने वाजवायची गोष्ट म्हणून आपल्याकडे आला. शेकडो माणसांना रात्रभर एकत्र बसवणारं वाद्य एकटेपणावरचा उपाय म्हणून विकलं जातं, यातला विनोद कुणाच्या लक्षात कसा येत नाही?

धास्ती कुणाला होती

१८९६-९७ मध्ये शोना आणि न्देबेले लोकांनी ब्रिटिशांच्या कंपनी सरकारविरुद्ध उठाव केला. त्यालाच पहिलं ‘चिमुरेंगा’ म्हणतात. या उठावातली एक मोठी व्यक्ती होती चार्वे नावाची बाई. नेहांडा या पूर्वजाचा आत्मा तिच्या अंगात येत असे. १८९८ मध्ये ब्रिटिशांनी तिला फाशी दिलं. म्हणजे बोलणारे पूर्वज त्या राजवटीला अंधश्रद्धेचा किरकोळ प्रकार वाटत नव्हते. ती बाई त्यांच्या लेखी राजकीय शत्रू होती. आणि त्या पूर्वजांना बोलावण्याचं साधन होतं म्बिरा. मिशनऱ्यांनी त्याला सैतानाचं वाद्य ठरवलं, शाळेत शिकलेल्या पिढीला त्याची लाज वाटायला शिकवलं.

१९४६ मध्ये जन्मलेल्या स्टेला चिवेशेला हे वाद्य शिकायचं होतं. बाईने म्बिरा वाजवायचा नाही हा घरातला दंडक आणि बाहेर सरकार-चर्चची नाराजी, असे दोन पहारे तिच्यावर होते. शेवटी नात्यातल्या एका वडीलधाऱ्याने तिला शिकवलं. १९७४ मध्ये तिची पहिली तबकडी आली तेव्हा तिने ती उसन्या म्बिरावर वाजवली होती. पुढे ती जगभर फिरली. २०२३ मध्ये ती गेली.

थॉमस मापफुमोने आणखी पुढचं केलं. म्बिराच्या चाली त्याच्या साथीदारांनी इलेक्ट्रिक गिटारवर उतरवल्या, तारा तळव्याने दाबून, म्हणजे आवाज म्बिरासारखा तुटक येईल. शब्द शोना भाषेत, भाव लढ्याचा. १९७९ मध्ये ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारने त्याला आरोपपत्राशिवाय डांबून ठेवलं. १९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झालं. १९८९ मध्ये त्याच मापफुमोने नव्या, आपल्याच सरकारच्या भ्रष्टाचारावर गाणं केलं, आणि पुढे त्यालाही देश सोडून अमेरिकेत जावं लागलं. हे आहे ‘शांत’ वाद्याचं चरित्र. दोन राजवटींना ते शांत वाटलं नाही.

स्वच्छ कुणी केलं

ह्यू ट्रेसी हा इंग्रज तरुणपणी तंबाखूच्या शेतीसाठी दक्षिण ऱ्होडेशियात आला आणि शेतमजुरांच्या गाण्यांच्या नादी लागला. पुढची अनेक दशकं त्याने आफ्रिकेच्या दक्षिण आणि मध्य भागात फिरून हजारो गाणी ध्वनिमुद्रित केली. बाकीचे गोरे ज्याला गोंगाट म्हणत होते ते त्याने जपलं, हे त्याचं ऋण कुणी नाकारू नये. १९५४ मध्ये त्याने दक्षिण आफ्रिकेत वाद्यं बनवण्याची कंपनी काढली आणि ‘कलिंबा’ या तिकडच्याच एका नावाने एक नवं वाद्य जगाला विकायला काढलं. स्वर पाश्चात्त्य मेजर सप्तकातले, पट्ट्यांची मांडणी परक्या हातांना सोपी. पुढे पेटंट-बिटंटची फिकीर नसलेले कारखाने आले, सतरा पट्ट्या ठरल्या, आकडे कोरले गेले आणि ते तुमच्या कार्टमध्ये आलं.

शोना म्बिराला एकच एक ठरलेलं सप्तक नाही. बनवणाऱ्यागणिक, घराण्यागणिक स्वरांमधली अंतरं थोडी हलतात, आणि वादक ती अंतरं ओळखतात, त्यावर वाद घालतात. सतरा पट्ट्यांच्या कलिंब्याला मात्र बहुतेक वेळा सी मेजर असतं. आपल्या भाषेत सगळे शुद्ध स्वर, बिलावल. आहे तसा ठेवला तर त्यावर भैरव वाजत नाही, तोडी वाजत नाही. जगातल्या सगळ्या अंगठ्यांना एकाच सप्तकात बसवलंय. ‘कुणीही पाच मिनिटांत शिकू शकतो’ याची किंमत ती आहे.

हे परकं आहे का?

इथे दुसऱ्या बाजूचे लोक उठतात. “आपली तुतारी, आपला घुमट, आपला पखवाज सोडून आफ्रिकेतलं खेळणं कशाला?” या देशीवाद्यांशीही माझं भांडण आहे, कारण त्यांना आपला किनारा माहीत नाही.

म्बिराचं सगळ्यात जुनं लिखित वर्णन ज्याचं मानलं जातं तो जुआँव दुश सांतुश हा पोर्तुगीज डोमिनिकन पाद्री. १५८६ मध्ये तो मोझांबिकला पोचला, आणि तिथे त्याने नऊ लोखंडी पट्ट्यांचं, वाढवलेल्या अंगठ्याच्या नखांनी वाजवायचं, मृदू आवाजाचं ‘अंबिरा’ पाहिलं. त्याचं पुस्तक १६०९ मध्ये पोर्तुगालात छापलं गेलं. आणि हा माणूस १६२२ मध्ये मेला कुठे? गोव्यात. मालवणहून गाडीने अडीच-तीन तास. यात योगायोग फार नाही. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालत होता. जहाजं जात-येत होती, त्यांत सोनं होतं, हस्तिदंत होतं आणि गुलाम केलेली माणसं होती.

ज्या सिंधुदुर्ग किल्ल्यापुढे आपण सेल्फी काढतो, तो शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतला त्यामागे जंजिऱ्याच्या सिद्दींना समुद्रात शह देण्याचा हेतू होता. सिद्दी म्हणजे मुळात आफ्रिकेतून आलेली माणसं. खाली कारवारला काळी नदीजवळ खाप्री देव आहे. त्याला लोक सिगारेट वाहतात आणि तो आफ्रिकेतून आला असं मानतात. ज्या किनाऱ्याने आफ्रिकन माणसाशी लढाई केली, त्याला गुलाम म्हणून विकत घेतलं आणि देव म्हणूनही पुजलं, त्याला आफ्रिकेचं वाद्य परकं कसं?

आणि पेटीचं काय? ती १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मली. पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची. आपण तिला जमिनीवर बसवलं, भाता हाताने चालवायला लावला, तिला भजन शिकवलं, दशावतारात नेलं. आणि तिच्याशी भांडलोही. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती, कारण दोन पट्ट्यांच्या मधले स्वर तिच्यात नाहीत, मींड नाही. ती बंदी बरोबर की चूक हा वेगळा विषय. पण एका वाद्यावर तीस वर्षं वाद घालणारा समाज त्या वाद्याला गंभीरपणे घेत होता. कलिंब्यावर कुणाचा वाद आहे? त्याच्याशी भांडायलाही कुणाला वेळ नाही. तो आला, त्याचे आकडे वाजले, रील झाली, आता तो कपाटावर धूळ खातोय.

आता आपली पाळी

“झिंबाब्वेचं राहू दे, आपल्या दशावताराचं बघ,” असं मला पुष्कळ जण म्हणतात. तेच तर बघतोय.

जत्रेतला दशावतार मध्यरात्रीकडे सुरू होतो. आधी आडदशावतार, गणपती, सरस्वती, संकासुर. मग आख्यान, लिखित संहिता नाही, पात्रं रंगमंचावर संवाद रचतात, पेटी-पखवाज-झांज त्यांच्या मागे धावतात. पहाटेपर्यंत. गेल्या हंगामात आमच्या भागातल्या एका रिसॉर्टवाल्याने मला आणि माझ्या ओळखीच्या कलाकारांना ‘कल्चरल इव्हिनिंग’साठी विचारलं. अट: पाऊण तास, संवाद कमी, एक युद्ध, एक नाच, झांज नको कारण पाहुणे जेवत असतात. संकासुर ‘चालेल, पण बोलायला नको’. बोलायचं नाही तर संकासुर तो कशाला? आम्ही नाही म्हणालो. दुसऱ्या कुणीतरी हो म्हटलं असेल, आणि मी त्यांना दोष देणार नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण शब्द बघा: झांज नको. म्हणजे परत तेच. खरखर नको.

पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी बघा. ती चित्रं गाण्यासाठी काढलेली आहेत. वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने कथेकरी गातो आणि एकेक चित्र समोर धरतो. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात संग्रहालय उभारलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, याचा अभिमान आहेच. पण आपण पर्यटक म्हणून काय घेतो? चित्र. फ्रेम करून दिवाणखान्यात लावतो. गाणं त्या फ्रेममध्ये बसत नाही म्हणून ते पिंगुळीतच राहतं. आवाज काढून टाकलेली चित्रकथी आणि खरखर काढून टाकलेला म्बिरा यांत मला काडीचाही फरक दिसत नाही.

म्हणूनच ‘शेवटी आनंद महत्त्वाचा, कोण कसंही वाजवेल’ हे मला पटत नाही. आनंद घ्या की. पण कुणाचा आवाज बंद करून तो आनंद स्वस्त झालाय, हे माहीत करून घेण्याला पैसे पडत नाहीत. युनेस्कोने २०२० मध्ये मलावी आणि झिंबाब्वेच्या म्बिरा बनवण्या-वाजवण्याच्या कलेला मानवजातीच्या वारशात स्थान दिलं. त्याच वर्षी गुगलने आपल्या पानावर वाजवता येणारा म्बिरा ठेवला होता. म्हणजे माहिती लपलेली नाही. एका टॅपवर आहे. फक्त ‘मन शांत करणारं वाद्य’ म्हणणाऱ्याला ती सांगायची नाही, कारण अंगात येणाऱ्या पूर्वजांना कार्टमध्ये टाकता येत नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे कलिंबा आहे त्यांच्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, स्टेला चिवेशे शोधा, हेडफोन काढून ऐका, घरातल्या म्हाताऱ्यांना ऐकवा. त्यांच्या कानाला जवारी कळते. दुसरी, खोक्यात एक छोटी हातोडी आलेली असते, बहुतेकांनी ती कधी वापरलेली नसते. पट्टी वर-खाली सरकवली की स्वर बदलतो. रे आणि ध कोमल करा आणि सतरा पट्ट्यांवर भैरव बसवून बघा. पट्टीला एखादी लोखंडी कडी अडकवा आणि खरखरू द्या. बिघडलं तरी तुमचं दीड हजारांचं खेळणं बिघडेल, आणि बिघडता-बिघडता कदाचित त्याचं वाद्य होईल. तिसरी, दोघांनी बसा. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने त्याच्या फटीत.

आणि मालवणला आलात तर रिसॉर्टच्या पाऊण तासावर थांबू नका. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगाव जत्रा असतात. तिकीट नाही, आरक्षण नाही. रात्री बारानंतर या, मातीत बसा. झांज कानाला लागेल, झोप येणार नाही, मन अजिबात शांत होणार नाही. संकासुर तुमची टिंगल करेल. करू द्या.